राहत्या घराची दुरुस्ती आणि ठेकेदाराची निवड : दापोली तालुक्यातील प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

घर दापोली तालुक्यात, हर्णै ते आंजर्ले या किनारपट्टीवर आहे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, पण जुनी बांधणी मातीची. पुढे पडवी आणि ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि संडास परसात. कामे चार आहेत : घरातच न्हाणीघर व संडास करणे, स्वयंपाकघर नव्याने करणे, विजेची सगळी वायरिंग बदलणे आणि छप्पर उतरवून पुन्हा चढवणे. छपराचे दुखणे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळापासूनचे आहे. त्या वेळी या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांची कौले उडाली, कौलांचा तुटवडा झाला आणि ज्याला जी मिळाली ती त्याने चढवली. आमच्या छपरावर दोन वेगवेगळ्या कारखान्यांची कौले शेजारी शेजारी बसली. त्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि दर पावसाळ्यात त्याच सांध्यांतून पाणी येते.

आई ऐंशीच्या घरात आहे, काठी घेऊन चालते आणि घर सोडायला तयार नाही. त्यामुळे काम चालू असताना आई, मी आणि माझी पत्नी अशा तिघांनी येथेच राहायचे हे आधी ठरले आणि ठेकेदार त्यानंतर शोधायचा असे ठरले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण रिकाम्या घरात उत्तम काम करणारा माणूस राहत्या घरात चालेलच असे नाही.

ग्रामपंचायतीत दुरुस्तीच्या परवानगीसाठी अर्ज दिला. नमुना ८ च्या (ग्रामपंचायतीच्या घरनोंदीच्या) उताऱ्यावर मुंबईतल्या चुलतभावाचेही नाव आहे, म्हणून त्याचे संमतीपत्र मागवले आहे. ते येईपर्यंत कोणालाही आगाऊ रक्कम द्यायची नाही. भातकापणी सुरू असल्याने सध्या माणसे मिळणारही नाहीत.

२७ ऑक्टोबर २०२४

तीन ठेकेदारांना बोलावून घर दाखवले. तिघांनाही एकच प्रश्न विचारला : काम सुरू होईल त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी हे घर कोणत्या अवस्थेत असेल?

पहिले म्हणाले, "भाऊ, तुम्ही दोन महिने मुंबईला जाऊन या, सगळं तयार करून चावी हातात देतो." तिसऱ्यांनी प्रश्न ऐकून घेतला आणि न्हाणीघराच्या फरशीचे नमुने मोबाइलवर दाखवायला सुरुवात केली. दुसरे मात्र माजघरातून परसापर्यंत दोनदा चालत गेले, उंबऱ्याची उंची हाताने मोजली आणि पत्नीला विचारले, "वहिनी, आजी रात्री किती वेळा उठतात?" त्यानंतर त्यांनी सांगितले की आधी आतला संडास पुरा करायचा, तो आठ दिवस वापरून बघायचा आणि मगच परसातल्याला हात लावायचा. तिघांपैकी घरात माणसे राहणार आहेत याचा विचार करून काम मांडणारे हे एकच.

१० नोव्हेंबर २०२४

तिघांचे आकडे आले. पहिल्यांनी एका कागदावर "संपूर्ण काम ५,८०,०००" असे लिहून सही केली आहे. दुसऱ्यांचा अंदाज ७,००,००० चा. त्यात प्रत्येक कामाचे माप, दर, सिमेंटचा प्रकार, लाकडाची जात आणि आमच्याकडून काय आणले जाईल हे वेगवेगळे लिहिलेले आहे. तिसऱ्यांना रोजावर काम करायचे आहे, साहित्य आम्ही पुरवायचे.

५,८०,००० आणि ७,००,००० यांतला फरक मोठा दिसतो, म्हणून पहिल्यांच्या आकड्याला दुसऱ्यांची यादी लावून पाहिली आणि एकेका कामाबद्दल फोनवर विचारले. सेप्टिक टाकीचा शोषखड्डा धरलेला नाही, जुने प्लास्टर काढून टाकण्याची मजुरी धरलेली नाही, राडारोडा उचलणे धरलेले नाही, छपराच्या लाकडाबद्दल तर "निघेल तेव्हा बघू". ही चार कामे मिळवली की आकडा सात लाखांच्या पुढे जातो. रोजावरचा प्रस्ताव वाईट नाही, पण त्यात माणसांवर देखरेख आणि साहित्याची धावपळ आपल्याकडे येते. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असताना ते झेपत नाही.

आणखी एक गोष्ट लेखी विचारून घ्यावी. वर्षाला २० लाखांच्या आत सेवेची उलाढाल असलेल्या ठेकेदाराला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, पण नोंदणी असेल तर अशा कामावर १८ टक्के लागतो. सांगितलेल्या रकमेत तो धरला आहे की वर येणार, हे आज ठरले नाही तर शेवटच्या बिलात ठरते.

२४ नोव्हेंबर २०२४

विधानसभेच्या निवडणुकीत आठवडा गेला. मतदान २० तारखेला होते, त्याआधी कोणी फोन उचलत नव्हते.

आता दुसऱ्या ठेकेदारांची जुनी कामे पाहिली. निदान एक पावसाळा खाल्लेली कामेच दाखवा असे सांगितले होते. नवी फरशी सर्वत्र चांगलीच दिसते. पाहायचे ते न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागला आहे का, खिडकीखाली ओल उतरली आहे का आणि उंबऱ्याजवळचा सांधा फुटला आहे का. एका घरात न्हाणीघराच्या बाहेरच्या बाजूला चिऱ्यावर पांढरा थर दिसला. ठेकेदारांनी तो लपवला नाही; खाडीची वाळू न धुता वापरल्याने झाले असे सांगून, त्यानंतर आपण दळलेली वाळूच वापरतो असे म्हणाले. दुसऱ्या एका घरातल्या काकूंना विचारले की काम चालू असताना तुम्ही स्वयंपाक कुठे करत होतात. त्यांनी पडवीतला कोपरा दाखवला आणि कामगार जाताना रोज तेवढा भाग झाडून जात असत, असे सांगितले. माझ्या दृष्टीने हे शिफारसपत्र पुरेसे होते.

सगळ्यांत उपयोगाची माहिती मात्र सिमेंट-लोखंडाच्या दुकानात मिळाली. कोणता ठेकेदार उधारी वेळेवर फेडतो, कोणाचा माल मालकाच्या नावावर लिहिला जातो आणि कोण अर्धे काम सोडून दुसरीकडे गेल्यावर मालकच दुकानात येऊन पैसे भरतो, हे दुकानदाराला नेमके ठाऊक असते. तो कोणाची निंदा करत नाही. "त्यांना मी उधार देतो" किंवा "त्यांना रोखीनेच देतो" एवढेच सांगतो आणि ते पुरते. दुसऱ्या ठेकेदारांना उधार मिळते, पहिल्यांना रोखीने.

८ डिसेंबर २०२४

दुसऱ्या ठेकेदारांशी करार झाला. ऑक्टोबरपासून १०० रुपयांचा मुद्रांक चालत नाही, ५०० रुपयांचा लागतो.

रकमेची विभागणी कामाच्या टप्प्यावर केली आहे, तारखेवर नाही : सुरुवातीला १० टक्के, न्हाणीघर व संडास वापरात आल्यावर २०, स्वयंपाकघर झाल्यावर २०, वायरिंग व आतले प्लास्टर झाल्यावर १५, छप्पर पुरे झाल्यावर २५ आणि उरलेले १० टक्के, म्हणजे ७०,०००, पावसाचा एक पूर्ण महिना गेल्यावर. ठेकेदारांनी शेवटच्या अटीवर थोडी कुरकुर केली, पण त्यांचा मुद्दाही रास्त होता : पावसाचे कारण सांगून मालक कायमचे पैसे अडवतात. म्हणून गळती दिसली तर ती लेखी कळवायची आणि ती दुरुस्त झाली की आठ दिवसांत रक्कम द्यायची, असे दोन्ही बाजूंना बांधणारे वाक्य घातले.

ज्या कलमावर सर्वांत जास्त वेळ बोललो ते संध्याकाळचे. रोज सहा वाजता काम थांबेल तेव्हा घरात एक संडास चालू असेल, एक नळ चालू असेल, शेगडी पेटवता येईल अशी एक कोरडी जागा असेल, आईच्या खोलीपासून संडासापर्यंतची वाट मोकळी असेल आणि उघडी वायर कुठेही नसेल, असे आम्ही लिहून घेतले. छप्पर एका दिवशी तेवढेच उघडायचे जेवढे त्याच दिवशी झाकता येईल, आणि छपराचे काम १५ मेपूर्वी संपवायचे. ठेकेदार ३१ मे म्हणत होते, कारण येथे पाऊस मृगात धरला जातो. १५ मेचा आग्रह आम्ही सोडला नाही.

३ जानेवारी २०२५

काम सुरू झाले. मुख्य गवंडी, दोन बिगारी आणि एक शिकाऊ मुलगा. मीटरजवळ आधी ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारे बटण) बसवून घेतले, कारण कटर आणि ड्रिल ओल्या फरशीवर चालणार आहेत. शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटरहून जास्त अंतरावर आखला. जांभ्यातून पाणी पटकन पाझरते, त्यामुळे या अंतरात तडजोड करू नये.

१९ जानेवारी २०२५

तीन दिवस कोणी आले नाही. चौकशी केल्यावर समजले की किनाऱ्यावरच्या एका होमस्टेचे काम घाईचे निघाले आणि माणसे तिकडे गेली. पर्यटनाच्या हंगामात हे येथे सर्वांच्या बाबतीत घडते. तेथला मालक जास्त दर देतो आणि त्याला शनिवारच्या आत खोल्या हव्या असतात.

भांडण करून उपयोग नव्हता आणि टप्पा पुरा न झाल्याने आमच्याकडून रक्कमही निघाली नव्हती. ठेकेदारांना घरी बोलावून समोरासमोर बोललो. त्यांनी स्वतःच तोडगा सुचवला : मुख्य गवंडी आणि एक बिगारी हे दोघे आमचे काम संपेपर्यंत दुसरीकडे जाणार नाहीत, बाकीची माणसे ते फिरवतील. हे करारामागच्या पानावर लिहून दोघांनी सही केली. नव्याने करार करणाऱ्यांनी हे सुरुवातीलाच घालावे. ठेकेदाराचे नाव कितीही मोठे असले तरी घर बांधतो तो गवंडी, आणि तो कोण हे कागदावर असायला हवे.

९ फेब्रुवारी २०२५

न्हाणीघराच्या फरशीखालच्या पाणीरोधक लेपाची पाणी भरून चाचणी घेतली. नाहणीचे (फरशीतल्या सांडपाण्याच्या भांड्याचे) तोंड बंद करून दोन इंच पाणी भरले, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी तेवढ्याच उंचीवर खूण केलेली पाण्याची बादली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातले पाणी रेघेखाली अर्धा इंच गेले होते. गवंडी म्हणाला, "दादा, पाणी हवेनं उडतं." बादलीतले पाणी मात्र खुणेवरच होते. त्याने बादलीकडे पाहिले, मग वाकून माजघराच्या बाजूची भिंत तळाशी हाताने चाचपली. चिरा ओला लागत होता. त्यानंतर तो काही बोलला नाही, छिन्नी घेऊन आला.

कारण दोन ठिकाणी निघाले. नाहणीच्या भांड्याभोवतीची फट साध्या सिमेंट-वाळूने भरली होती आणि ती सुकताना आकसली. लेपही जमिनीवरच थांबवला होता, भिंतीवर चढवला नव्हता. भांड्याभोवतीचा भाग फोडून न आकसणाऱ्या ग्राउटने भरला, लेप भिंतीवर फूटभर वर नेला, उभ्या-आडव्या दोन थरांत दिला आणि पुन्हा ४८ तास पाणी ठेवले. या वेळी रेघ आणि बादली एकाच पातळीवर राहिली. आठवडा गेला आणि साहित्याचा खर्च ठेकेदारांनी करारानुसार सोसला. हीच गळती फरशी बसल्यावर सापडली असती तर सगळी फरशी काढावी लागली असती, म्हणून फरशीच्या आधी चाचणी घ्या आणि बादली ठेवायला विसरू नका.

२० फेब्रुवारी २०२५

आतला संडास वापरात आला. आई रात्री एकटी जाऊन येते. दुसरा टप्पा, १,४०,००० दिले.

३ मार्च २०२५

उद्या फाल्गुन शुद्ध पंचमी, शिमगा सुरू. होळी १३ तारखेला आहे, नंतर पालखी घरोघर फिरेल, आणि ते सगळे होईपर्यंत गावातला कोणीही माणूस कामावर येणार नाही. ही सुट्टी आधीच धरली होती, त्यामुळे वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही. स्वयंपाकघराचा ओटा आणि खिडकीवरचे लिंटेल मात्र मुद्दाम २८ फेब्रुवारीपूर्वी ओतून घेतले, म्हणजे माणसे नसताना पाणी आम्हाला मारता येईल. सिमेंट पीपीसी (राख वगैरे मिसळलेले) आहे आणि अशा मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे निदान १० दिवस पाणी हवे. येथे तीन-चार दिवसांत काँक्रीटवरचे ओले गोणपाट उचलण्याची सवय आहे. सकाळ-संध्याकाळ पाणी पत्नीने मारले. ही कामे मार्चअखेरच्या आत उरकण्यामागे आणखी एक कारण आहे : एप्रिलनंतर किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागते आणि लोखंड असलेल्या काँक्रीटला ते घालू नये.

२ एप्रिल २०२५

स्वयंपाकघर आणि वायरिंग झाले. पडवीतली चूल-शेगडी आत गेली. वायरमनने जुन्या तारा भिंतीतून ओढून काढताना मातीची बांधणी दोन ठिकाणी ढासळली. ती चुना-सिमेंटने भरून घेतली.

१२ एप्रिल २०२५

छपराला सुरुवात. आंबा काढणीचा हंगाम भरात असल्याने बिगारी मिळत नाहीत. बागेत रोजही जास्त आणि जेवणही. ठेकेदारांनी सुतार बाहेरून आणला आहे. पद्धत अशी की दोन वाशांमधली पट्टी सकाळी उघडायची, रीपा बदलायच्या, एकाच कारखान्याची कौले दुपारपर्यंत चढवायची, आणि ऊन उतरायच्या आत पट्टी बंद करायची. ताडपत्री दोरीसह वर बांधून ठेवली आहे. काम संथ होते, पण आई खाली झोपलेली असताना याहून वेगळी पद्धत मला मान्य नव्हती.

२२ एप्रिल २०२५

मागच्या भिंतीवर टेकलेली तुळई वाळवीने आतून पोखरलेली निघाली. वरून धड दिसत होती. सुताराने किंकऱ्याने टोचल्यावर ती भुश्श्याने भरलेली कळले. ठेकेदारांनी काम थांबवले, लाकडाचे माप आणि दर लिहून दिला आणि आमची सही झाल्यावरच नवीन ऐनाची तुळई आणली. वाढीव खर्च ३८,५००. याशिवाय बेतापेक्षा ६०० कौले जास्त लागली, प्रत्येकी ४५ रुपयांनी २७,०००. कापण्यापूर्वी किंमत आणि सही, ही एक शिस्त पाळली की वाढीव कामावरून वाद होत नाहीत.

१३ मे २०२५

आढ्यावरचे कोने (माथ्यावरची कोनाकार कौले) बसले आणि सांधे भरून झाले. छपराचा टप्पा पुरा. रक्कम त्याच संध्याकाळी दिली.

२७ मे २०२५

२० तारखेच्या सुमारासच मुसळधार सुरू झाली. २५ मे रोजी मोसमी पाऊस तळकोकणात देवगडपर्यंत आल्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी. आसपास दोन घरांची कौले अजून अंगणात रचलेली आहेत आणि माणसे ताडपत्रीखाली बसली आहेत. त्यांच्या करारात ३१ मे लिहिले होते. कोकणात छपराची तारीख ठरवताना मृगाचा भरवसा धरू नये. माझे मत असे की एप्रिलअखेर ही खरी मुदत असावी आणि १५ मे ही शेवटची.

आमच्याकडे बाहेरचे प्लास्टर राहिले. ओल्या चिऱ्यावर ते करू नये असे ठेकेदारांनीच सांगितले.

१ जुलै २०२५

महिनाभराच्या पावसात एकच गळती दिसली, न्हाणीघराचे नवे छप्पर जुन्या भिंतीला मिळते तेथे. १८ जूनला लेखी कळवले. गवंडी उघडीप पाहून आला, पत्र्याची पन्हळ भिंतीच्या आत दोन इंच घुसवून वरून सांधा भरला. त्यानंतर सलग पाच दिवस जोराचा पाऊस होऊनही भिंत कोरडी आहे. ठरलेले ७०,००० आज दिले.

एकूण हिशोब : करार ७,००,०००; तुळई ३८,५००; जादा कौले २७,०००; नळ, संडास-न्हाणीघराची भांडी, फरशी आणि दिवे आम्ही आणले ते ९६,०००. बेरीज ८,६१,५००. बाहेरचे प्लास्टर दसऱ्यानंतर याच ठेकेदारांकडून, याच गवंड्याच्या हातून करायचे आहे. दर आणि गवंड्याचे नाव कागदावर लिहून दोघांची सही झाली आहे.